जो कॅमेरा नळाखाली धुता येत नाही, तो खाडीवर नेऊ नका

आज फोर्टात कॅमेऱ्याच्या एका दुकानात गेलो होतो. पनवेलहून, रजा टाकून, मुद्दाम. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, गळ टाकायला जातो, होडीतून, खाडीत. एका हातात मावेल आणि पाणी-चिखल सोसेल असा छोटा कॅमेरा दाखव. त्याने मान वर न करता सांगितलं, "काका, फोन आहे ना? कॉम्पॅक्ट आता कोण घेतं?" पुढे एक शब्द नाही. काय मासे धरता, कुठे जाता, काहीच विचारलं नाही. मी बाहेर पडलो. ट्रेनमध्ये डोकं थंड होईल असं वाटलं होतं, ते मानसरोवर आलं तरी झालं नाही. म्हणून लिहितोय.

फोन आहे ना! अरे, फोन होताच की त्या दिवशी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे संपत आला होता, जूनपासून बंदी लागणार म्हणून आमची शेवटची फेरी. धरमतरची खाडी, पहाटेचा उजेड नुकता फुटलेला, भरती लागायला सुरुवात. मामाची छोटी होडी. माझ्याकडे रॉड आणि रील, मामाकडे नेहमीसारखी हातदोरी आणि गळाला जिवंत बोय मासा. मामा सत्तरीचा आहे. रॉडला तो हात लावत नाही, म्हणतो दोरीतून मासा बोटांशी बोलतो. त्या दिवशी दोरी अशी खेचली गेली की मामा बसल्या जागी वळला. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग पाण्यावर आला तो जिताडा. एवढा जिताडा मी तोपर्यंत बघितला नव्हता आणि नंतरही बघितलेला नाही.

मामाने त्याला दोन्ही हातांत आडवा धरला, एक हात पोटाखाली. पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "गाभोलीची हाय. सोडायची." मामाचा नियमच आहे तो. मोठा जिताडा बहुतेक मादीच असते, हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, हे मी नंतर वाचलं. मामाला ते वाचावं लागलं नव्हतं. पावसाच्या तोंडावर पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेला मासा कापायचा नाही, एवढं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. आणि हे खारेपाटात, जिथे माणसं घरापुढच्या तळ्यात जिताडे पोसतात आणि लग्नाकार्याला काढतात! अशा मुलखातला माणूस हातात आलेला जिताडा सोडतो म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, "मामा, थांब, एक फोटो." आणि फोन काढला. बोटांना माशाचा बुळबुळीतपणा, स्क्रीनवर खाऱ्या पाण्याचे थेंब. बोटाचा ठसा लागेना. तोंड दाखवावं तर डोक्याला टोपी, डोळ्याला गॉगल. पिन टाकायला गेलो तर थेंबांनीच आकडे दाबले जात होते. टी-शर्टला पुसला, तर टी-शर्टही ओला. मामा म्हणाला, "बाला, लवकर कर. जीव चाललाय त्याचा." मी पुन्हा म्हटलं थांब. त्याने आणखी दोन श्वास वाट बघितली असेल. मग मला न विचारता वाकला, मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले हलायला लागले. एक झटका, आणि गेला.

त्यानंतर फोन उघडला.

माझ्या गॅलरीत आजही तो एकच फोटो आहे. मामा होडीच्या काठावर वाकलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात, हात रिकामे.

आता मला सांगा, त्या वेळी किती मेगापिक्सेल होते याने काय फरक पडत होता? लोक कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न तोच विचारतात. आमच्या गटातला एक मित्र तर सोनीचा आरएक्स १०० घेऊन आला होता. सुंदर कॅमेरा, सेन्सर मोठा, पहाटेच्या अंधुक उजेडात त्याच्यासारखा फोटो छोट्या कॅमेऱ्यातून येत नाही. पण चालू केला की त्याची लेन्स नळीसारखी बाहेर येते. रेवदंड्याच्या वाळूत दोन दिवस नेला, तिसऱ्या दिवशी नळी अर्ध्यातच अडकली. ज्याचं नाक बाहेर येतं तो कॅमेरा समुद्रकाठचा नाही. झूम आतल्या आत फिरणारा हवा, पुढे काच बंद.

असे कॅमेरे आहेत. ऑलिंपसच्या टफ मालिकेतला टीजी-६ हा २०१९ चा, त्याच्यानंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टिमच्या नावाने टीजी-७ आला. दोन्ही बारा मेगापिक्सेलचे, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. १५ मीटर खोल पाण्यात चालतात, दोन मीटरवरून पडले तरी सोसतात. लेन्सपुढे काचेचे दोन थर आहेत, त्यामुळे एसी गाडीतून दमट हवेत उतरल्यावर आतून वाफ धरत नाही. मे महिन्यात कोकणात ज्याने लेन्स पुसत पुसत सूर्योदय घालवलाय त्यालाच याची किंमत कळेल. निकॉनचा डब्ल्यू ३०० तर ३० मीटरपर्यंत जायचा, तो बंद झाला. फुजीचा एक्सपी १४० सुद्धा आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो. आमच्यासारख्यांसाठी बनणारी वस्तू एकेक करून कमी होत चालली आहे, आणि दुकानातला मुलगा विचारतो कोण घेतं. मिळत नाही म्हणून कोणी घेत नाही, बाबा!

पण १५ मीटरचं मला काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. धरमतरच्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, तिथे पाण्याखालचे फोटो काढणार कसले. ती खोली मला हवी आहे घरी आल्यावर. मिठाचं पाणी, चिखल, माशाचा चिकटा, हे सगळं लागलेला कॅमेरा सरळ बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवता येतो. वर नळाखाली धरून बटणं दाबून दाबून मीठ काढता येतं. कॅमेरा पाण्यात पडल्याने मरतो त्यापेक्षा न धुतल्याने जास्त मरतो, मीठ आत बसतं आणि बटणं एकेक करून मुकी होतात. बॅटरीचं दार मात्र होडीत उघडायचं नाही, कधीच नाही. रबराच्या कडेवर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला तरी पाणी आत जातं. बॅटरी आणि कार्ड घरूनच घालून निघायचं.

आणि बटणं. खरी, दाबली की दबणारी बटणं! ओल्या, चिकट बोटांनी, न बघता, एका हाताने. चालू करायचं एक, फोटोचं एक. फ्लॅश आधीपासून चालू ठेवायचा, भर उन्हातसुद्धा, नाहीतर टोपीच्या सावलीत माणसाचं तोंड काळं पडतं आणि मासा तेवढा चमकतो. दुसऱ्या हाताला मासा धरायला मदत करायची असते, हे शहरात बसून कॅमेऱ्यांची तुलना करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला असा सल्ला देणाऱ्यांनो, घालून बघितलाय. ओल्या पिशवीवर बोट चालत नाही आणि आतून वाफ धरते. फोन वॉटरप्रूफ असतो म्हणणाऱ्यांनो, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, खाडीतली नाही. हां, अंधारात फोनचा फोटो टीजीपेक्षा स्वच्छ येतो, मान्य. तिथल्या तिथे पाठवता येतो, तेही मान्य. आणि टफ कॅमेरा स्वस्त नाही, हे तर खरंच.

पण मागच्या वर्षी पोयनाडला एका हळदीत मामाला कोणीतरी विचारलं, तो जिताडा केवढा होता रे? मामाने हात पसरून दाखवलं. मांडवातली पोरं हसली. एक म्हणाला, मासा सोडला की वाढतो. मामा भांडला नाही. त्याने हात खाली घेतले आणि पुढच्या पंगतीत जाऊन बसला. आयुष्यात कधी वीतभर मासा वाढवून न सांगितलेला माणूस! मी शेजारीच उभा होतो. खिशात फोन होता, त्यात रिकाम्या हातांचा फोटो होता. काय दाखवणार होतो?

ते आठवलं की मला त्या दुकानातल्या मुलाचा राग येत नाही खरं तर. त्याला कोण सांगणार. मीच त्या पहाटे दोनदा "थांब" म्हणालो होतो, आणि तेवढा वेळ तो मासा पाण्याबाहेर होता.

संध्याकाळी पुण्याच्या एका मित्राला फोन केला, तो डायव्हिंग करतो. त्याच्याकडे वापरलेला टीजी-६ आहे, तो द्यायला तयार झाला. रबराच्या कडा तपासून घेणार आहे, बॅटऱ्या दोन घेणार आहे. मग मामाला फोन लावला. कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं, बुडवता येतो, पडला तरी चालतो, धुता येतो. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हातातून सुटला तं तरंगल काय?"

नाही तरंगत. दगडासारखा तळाला जातो, आणि धरमतरच्या चिखलातून काही परत मिळत नाही.

म्हणून कॅमेरा यायच्या आधी आज मी त्याचा पट्टा मागवलाय. फोमचा, नारिंगी, मनगटात अडकवायचा, कॅमेऱ्याला पाण्यावर धरून ठेवेल असा. शनिवारी येईल. मामाला म्हटलंय, भरतीची वेळ बघून ठेव.