नाकावर कळसूबाई

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला त्या दिवशी पेढे वाटले होते. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने वर्गणी काढून तो दिला होता. हेडसरांनी छताला टांगलेल्या त्या यंत्राला शिडीवर चढून हार घातला. हाराचं एक टोक नेमकं भिंगापुढे लोंबत राहिल्यामुळे पडद्यावरच्या ‘सुस्वागतम्’मधला ‘स्वा’ शेवटपर्यंत कुणाला दिसला नाही. टाळ्या मात्र कडकडून झाल्या, आणि सगळ्यात जोरात माझ्या. मी भूगोलाचा मास्तर. पंचवीस वर्षं नकाशाच्या गुंडाळ्या काखेत मारून हिंडलो आहे. खिळ्यावरून निसटून डोक्यात पडलेला आफ्रिका खंड अजून विसरलेलो नाही.

पहिला तास नववी ब वर. खिडक्यांना गॅदरिंगचे काळे पडदे लावले, समोर महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा. काय रंग! “मुलांनो, हा सह्याद्री...” म्हणत मी वर्गाकडे वळलो आणि कुणीतरी तोंडावर बादलीभर उजेड फेकावा तसं झालं. वर्ग गेला, बाकं गेली, उरला फक्त एक पांढरा गोळा. त्या गोळ्यामागून खुसखुस ऐकू आली.

“काय झालं?”

“सर, तुमच्या नाकावर कळसूबाई आलंय.”

1646 मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर माझ्या नाकावर. कोकणचा किनारा पोटावरून खाली गेलेला आणि रत्नागिरीच्या आसपास बराच पुढे आलेला. (त्याला शरीररचना जबाबदार आहे, भूरचना नव्हे.) हे सगळं मला पोरांनी सांगितलं म्हणून कळलं. मला काहीच दिसत नव्हतं.

आमचा प्रोजेक्टर 3300 ल्युमेनचा. म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या दोन-अडीच पिवळ्या बल्बांचा उजेड, पण लिंबाएवढ्या भिंगातून थेट बुबुळात. खडू-फळ्याच्या काळात निदान हिशेब सरळ होता: माझी पाठ वळली की मागे दंगा, मी वळलो की शांतता. आता मी पोरांच्या तोंडाकडे बघत उभा आणि दंगा माझ्या डोळ्यांदेखत चालू. एकदा मी पाच मिनिटं कडक आवाजात एकाला उभं राहायला सांगत होतो. तो गैरहजर होता. बाजूला होऊन अंधाराला सरावावं, तर डोळ्यांना पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि आमचा तास पस्तीस मिनिटांचा. तास संपून हजेरीपट उघडला की पानावर एक जांभळा-हिरवा चौकोन तरंगायचा आणि मी ज्या नावाकडे बघेन त्याच नावावर जाऊन बसायचा. त्या आठवड्यात बरीच गुणी मुलं माझ्या दप्तरी गैरहजर लागली.

मग उपाय सुरू झाले. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा घरात पडून होता, तो घालून गेलो. वर्गात शिरताच पहिल्या बाकावरच्या तिघी उठून मागे गेल्या. “सरांचे डोळे आलेत.” मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली आणि माझा कप वेगळा ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी पुढे झाप असलेली क्रिकेटची टोपी घातली. पोरांनी दर प्रश्नाला बोट वर करून मला आउट दिलं. मग वाटलं, उजेडात शिरायचंच कशाला? लांबून काठीने दाखवावं. शिपाईमामांनी जळमटं काढायचा बांबू आणून दिला. त्याने मी गोदावरी नाशिकपासून सुरेख नेली, पण नांदेडजवळ बांबूच्या टोकाचं एक जळमट सुटून पडद्याला चिकटलं. एका मुलीने ते वहीत तलाव म्हणून काढलं.

रात्री मोबाइलवर शोधत बसलो. (डोळे वाचवण्यासाठी रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल. असो.) ब्रिटनमधल्या सूचना सापडल्या: झोताकडे टक लावून बघू नका, शक्यतो झोताकडे पाठ करून उभे राहा. झोत येतो वर्गाच्या डोक्यावरून. झोताकडे पाठ म्हणजे वर्गाकडे पाठ! आणि बी.एड.ला माझ्या सराव पाठाच्या वहीत तांबड्या शाईत शेरा आहे: ‘वर्गाकडे पाठ करू नये.’ म्हणजे नोकरी वाचवायची की डोळे, एवढंच काय ते ठरवायचं.

पण त्याच रात्री आणखी एक घबाड हाती लागलं. 2002 साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेस्नी टॅन आणि रँडी पाउश या दोघांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने माणूस कुठे उभा आहे ते टिपायचं आणि चित्राच्या तेवढ्याच भागात काळा रंग टाकायचा. उजेड माणसावर पडतच नाही. मी आनंदाने हिला उठवलं. “अगं, असं यंत्र आहे, ते बोलणाऱ्याचं तोंड काळं करतं!”

“त्याला यंत्र कशाला हवं?” म्हणून ही कूस बदलून झोपली.

कॅमेरा मागितला असता तर हेडसरांनी मलाच वर्गणी काढायला लावली असती. पण पडद्यावर काळं टाकायला कॅमेराच कशाला हवा? माझी जागा मी आधीच ठरवून ठेवली तर? लगेच लॅपटॉप उघडला. नकाशाच्या डाव्या अंगाला काय आहे? अरबी समुद्र. परीक्षेत त्यावर एक मार्क, तोही नाव लिहिण्याचा. त्यावर माझ्या उंचीएवढी काळी पट्टी ओढली. सकाळी तिच्यात उभा राहिलो आणि काय सांगू, वर्ग दिसला! दुसऱ्या बाकावरचा चिंचा खातोय, खिडकीजवळची दोघं फुली-गोळा खेळताहेत. महिन्याभराने पोरं भेटल्यासारखं वाटलं. (मध्य प्रदेशच्या नकाशाला वांधा झाला, त्याला समुद्रच नाही. तिथे मी गुजरातचा बळी दिला.)

फक्त मला शिकवताना पाय हलवायची खोड. सह्याद्री आला की मी आपोआप किनाऱ्याला लागतो, मग पुन्हा पांढरा गोळा. ते काम पोरांनी अंगावर घेतलं. मी पट्टीबाहेर पाऊल टाकलं की अख्खी नववी ब एका सुरात ओरडते, “सर, समुद्रात जा!”

परवा हे ऐकून व्हरांड्यातून चाललेले हेडसर तडक आत आले. “गुरुजींना समुद्रात जा म्हणता? कोण म्हणालं ते?” असं गरजत ते पडद्यापुढे आले, वर्गाकडे वळले आणि तिथेच थबकले. कपाळावर नाशिक, टायवर पुणे. दोन्ही हात डोळ्यांवर. “कोण... कोण आहे तिकडे?”

मी हळूच त्यांच्या शर्टाची बाही धरून ओढली. “इकडे या सर. समुद्रात दोघांपुरती जागा आहे.”