आमच्या भिंतीवरचा बिबट्या रडतोय

गोरेगावात आमच्या पुलाखालची भिंत अखेर रंगवून झाली. पानाच्या पिचकाऱ्या गेल्या, गेरूसारखा रंग आला, त्यावर पांढरी वारली चित्रं आणि टोकाला हा भलामोठा बिबट्या. मला खरंच बरं वाटलं होतं. मग एकदा रिक्षा सिग्नलला अडकली आणि त्याचं तोंड नीट पाहिलं. डोळ्यांपासून जबड्यापर्यंत दोन काळ्या रेघा, अंगावर भरीव ठिपके. अहो, हा चित्ता! बिबट्याच्या अंगावर फुलं असतात, मध्ये पोकळ. आणि खरा बिबट्या इथून रिक्षाच्या अंतरावर, आरेच्या जंगलात फिरतो.

चित्ता एक वेळ हसून सोडून देईन. पण वारलीचं काय?

पुलाखाली आरेतल्या पाड्यावरची एक मावशी रानभाजी घेऊन बसते. पावसाळ्यात शेवळं, कंटोळी. ती स्वतः वारली. कंटोळी निवडता निवडता तिला विचारलं, "कसं झालंय मावशी?" ती हसायलाच लागली. "सगळे तारप्याला पाठ करून नाचतात. असं कुणी नाचतं का?"

मी रोज तिथून जाते, मला कधी दिसलं नव्हतं. तारपा म्हणजे वारल्यांचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. तारपेवाला मध्ये आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते, तोंडं त्याच्याकडे. आमच्या भिंतीवर तो बिचारा सनईवाल्यासारखा कोपऱ्यात उभा आहे.

शेजारी नक्षीची चौकट आहे. तो लग्नाचा चौक. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आत पालघट ही लग्नाची देवी असते. इथे देवीच्या जागी स्वच्छतेची घोषणा.

म्हणजे लग्नघराबाहेर काढूच नये का? तसं नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते त्यांचं होतं, काय बदलायचं हे त्यांना कळत होतं. इथे कंत्राटदाराच्या पोरांनी मोबाइलमध्ये बघून त्रिकोणाला त्रिकोण जोडले. उन्हात राबली बिचारी, त्यांच्यावर राग नाही. काम देणाऱ्याला पाड्यावर जाऊन विचारावंसं वाटलं नाही, राग त्याचा आहे.

विचारलं असतं तर भिंतीच्या एका टोकाला आदिवासी आणि दुसऱ्या टोकाला प्राणी अशी वाटणीच झाली नसती. पाड्यांवर वाघोबा हा देव आहे! लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर फासलेला, कुठे सोबत चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. आणि बिबट्याही तिथे वाघच. बिबट्या दिसला की आमच्या सोसायटीचा ग्रुप पिंजरा लावा म्हणून पेटतो, हेही जाता जाता सांगते.

चित्राखाली रंगाच्या कंपनीचं नाव हातभर मोठं आहे. चित्रकाराचं नाव नाही.

आता म्हणे पलीकडची भिंतही रंगवणार आहेत. मावशी बुधवारी आणि शनिवारी सकाळी आठपासून तिथेच बसलेली असते.