सगळा रंग उतरवा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटचा तर निपाणीच्या भाच्यानं पाठवला, खाली 'मामा, तुमच्या पद्मिनीसाठी' असं लिहून. पद्मिनी म्हणजे माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी. मजकूर असा: जुन्या गाडीला नवा रंग द्यायचा तर आधीचा रंग पत्र्यापर्यंत उतरवलाच पाहिजे, नाहीतर नवा टिकत नाही. सोपा उपाय सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्यानं रंग उडवणं, एका दिवसात काम. ते परवडत नसेल तर रिमूव्हर (रंग सैल करणारं रसायन) लावा, पाणी मारा, झालं. मग उघडा पत्रा दोन दिवस उन्हात ठेवा, ओल निघून जाते.

उतरवलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? पत्र्याला घट्ट धरून बसलेला जुना रंग हा नव्या रंगाचा पाया असतो. उतरवायचा तो तडकलेला, फुगलेला, पोपडे धरलेला, किंवा एकावर एक हात मारून जाड झालेला. ओळखायचं कसं? फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या आणि डिकीच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो जुना ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. त्यावर थेट टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारलात तर खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडायची भीती. काहीच झालं नाही तर रंग पक्का आहे, घासा आणि त्यावरच काम करा.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. रुमालात गुंडाळून अंगावरून फिरवा. जिथं निसटतं तिथं वर पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे खड्डा बुजवायला भरलेली पुट्टी. माझ्या पद्मिनीच्या उजव्या मडगार्डवर, हेडलाइटच्या मागं, तळहाताएवढ्या जागेत ते तीनदा खाली पडलं. तिथं मात्र मुळाशी जाणं भाग होतं. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं घासत गेलो तशी कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं उमटली: पांढरा, मेंदी, राखाडी प्रायमर, मग अर्धं बोट जाडीचा लांबीचा थर, आणि तळाशी सायीच्या रंगाचा कुर्ल्याच्या कारखान्यातला मूळ हात. आधीच्या मालकानं गाडी कुठंतरी ठोकलेली, हे मला त्या दिवशी कळलं. कागदपत्रात अर्थातच तसलं काही नव्हतं.

आता ब्लास्टिंग. आपल्या बेळगावात हा सल्ला जास्त घातक, कारण उद्यमबागेत फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आहेत आणि शॉट ब्लास्टिंगचं, म्हणजे वाळूऐवजी लोखंडी छर्ऱ्यांच्या माऱ्याचं, मशीन कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत असतंच. मीही अशाच ओळखीनं बॉनेट नेलं. रंग गेला, झकास गेला, पत्रा चांदीसारखा निघाला. घरी आणून मध्यभागी अंगठा दाबला तर 'टण्‌' करून आत गेला, सोडला तर 'टण्‌' करून बाहेर. आमच्या पेंटरमामांनी दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा वाढलाय की हो ह्याचा. आता मी काय करू सांगा." फाउंड्रीवाल्याचा दोष नव्हता, त्याचं मशीन बोटभर जाडीच्या कास्टिंगसाठी, आणि गाडीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक छर्रा म्हणजे एक बारीक हातोडी. हजारो हातोड्या एकाच बाजूनं बसल्या की ती बाजू ताणली जाते आणि पत्र्याला पोट येतं. बॉनेट, टप, दारं या मोठ्या सपाट भागांना ते हमखास बाधतं. शिवाय पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालच्या पोकळीत शिरलेली वाळू तिथंच बसून ओल धरते. आणि वाळूनं ब्लास्टिंग करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाणाऱ्या धुळीनं सिलिकोसिस हा आजार होऊ शकतो, तो बरा होत नाही. चाकाच्या रिंगा, सस्पेन्शनचे जाड भाग द्या खुशाल. पातळ पत्रा नको.

रिमूव्हरच्या बाजूनं मी आहे, पण 'पाणी मारा, झालं' याच्या नाही. दाराच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, त्या घडीत रिमूव्हर शिरला तर पाण्यानं निघत नाही. चार-सहा महिन्यांनी नव्या रंगाला तिथंच फोड येतात. म्हणून कडेपासून इंचभर मास्किंग टेप लावायची आणि ती पट्टी शेवटी हातानं घासायची. पूर्वीच्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असे, अजूनही काहींत असतं. त्याची वाफ अंगात गेली की शरीरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तेव्हा शटर ओढून काम करू नका. काही जण कॉस्टिक सोडा सुचवतात. गाडीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या शिल्लक राहायला नको असतील तर जरूर वापरा! जुन्या रंगात शिसंही असू शकतं, त्यामुळं घासताना पाणी आणि तोंडाला चांगला मास्क हवाच.

उन्हात दोन दिवस ठेवण्याचं तर विचारूच नका. अथणीच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात कदाचित निभेल. बेळगावजवळच्या पावसाळी खानापुरात जुलैमध्ये करून बघा, चहा पिऊन येईपर्यंत पत्र्यावर तांबूस झाक आलेली असेल. हाताचा घामसुद्धा पुरतो. उघड्या पत्र्यावर तळहात टेकवलात तर दुसऱ्या दिवशी पाच बोटं गंजात उमटतात. जेवढा पत्रा एका दिवसात उघडाल, तेवढा त्याच दिवशी पुसून एपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. नुसती लांबी ओढून ठेवू नका, ती पाणी पिते.

म्हणून मी एका वेळी एकच भाग उघडतो. भाच्याला एवढंच कळवलं की बॉनेट जुन्या बाजारातून दुसरं आणलंय, मडगार्ड झालंय, आणि डावी दोन दारं पाऊस संपल्यावर.