कोंबड्यांचा नळ

काल पिठाच्या गिरणीत, ओळख ना देख अशा एका बाईंनी दळणाचा डबा खाली ठेवता ठेवता मला विचारलं, "काय हो, तुमच्या कोंबड्यांना चोवीस तास पाणी आलं म्हणं?" गिरणीचा पट्टा धडधडत होता, तरी सगळ्यांचं हसणं नीट ऐकू आलं.

चोवीस तास वगैरे काही नाही. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, बुडाजवळ एक भोक, खाली पसरट थाळी, वर घट्ट झाकण. थाळीतलं पाणी भोकाच्या वर चढलं की हवेची आत जायची वाट बंद, आणि पाणी थांबतं. कोंबड्या प्यायल्या की 'बुडुक' करून एक बुडबुडा आत शिरतो, तेवढंच पाणी बाहेर येतं. भोक मात्र थाळीच्या काठापेक्षा खाली हवं, नाहीतर अंगणात तळं. उघड्या पाटीत कोंबड्या आधी पाय घालतात, मग माती, मग जे घालायचं ते. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. अंडं म्हणजे तरी काय, कवच सोडलं तर चारातले तीन हिस्से पाणीच.

झाकणातून हवा शिरत होती, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात सायकलच्या ट्यूबची पट्टी मागायला गेलो. (या बादल्यांचं झाकण एकदा उचकटलं की परत म्हणून घट्ट बसत नाही. बनवणाऱ्यांच्या घरी एकेक पाठवून द्यायला हवी.) तिथं मोटारीच्या वायसरसाठी एक टोपीवाले आजोबा ऑइलपेंटच्या डब्यावर बसले होते.

"कशाला पायजे पट्टी?"

"कोंबड्यांना पाणी प्यायला करतोय."

"नळ बसिवताय?"

"नळ नाही. बादलीला भोक पाडलंय."

"मंग गळंल की वो."

"गळत नाही. हवेचा दाब असतो."

आजोबा दुकानदाराकडं वळले. "शेट, ऐकलं का? हेंची बादली हवेवर चालतीया. आमच्या रानातल्या पायपात बी नुसती हवाच हाय, पर तेच्यातनं कोंबडीपुरतं बी पाणी येत न्हाई."

इथं गप्प बसायचं सोडून मी हवेचा दाब मोजणारा शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली काढला. १६४३ साली, पाऱ्याची नळी, हवेच्या दाबावर दहा मीटर उंच पाण्याचा खांब उभा राहतो, माझी बादली तर दीड फुटाची. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यो कुठला? सातारचा?"

"इटलीचा."

"मंग तकडल्या कोंबड्यांचं येगळं." मग जरा पुढं झुकून, "आमच्या आळीला पाणी दोन दिसाआड. तुमच्या कोंबडीला दिवसभर. रेशनकार्डावर नाव चढवलंय का तिचं?"

दुकानदाराला ठसका लागला. पट्टीचे पैसे मात्र त्यानं पुरेपूर घेतले.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण आजोबा "चला, बघू तरी" म्हणून माझ्या गाडीच्या मागं बसले. वायसरचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. घरी आल्यावर ओट्यावर मांडी ठोकली, चहा घेतला, दुसरा मागितला. मी पट्टी बसवली, भोकाला बूच लावून बादली भरली, झाकण दाबलं, बूच काढलं. पाणी काठाच्या बोटभर खाली येऊन थांबलं. आजोबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

ते दुपारी परत आले, मुद्दाम. तोवर कोंबड्यांनी निम्मी बादली संपवली होती आणि थाळी काठावरून वाहत होती. निम्म्या बादलीत हवा भरलेली, ती उन्हानं तापून फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते, इतकी साधी गोष्ट. मी ती सांगायच्या आत आजोबांनी बादलीच्या अंगाला हात लावून बघितला.

"ऊन बाधलंय हिला. कांदा फोडून ठिवा."

मी मुकाट्यानं बादली उचलून शेवग्याच्या सावलीत ठेवली. गळणं थांबलं. तेव्हापासून गावभर आजोबांचंच चाललंय: मास्तर इटलीचं सांगत बसलं, इलाज म्या केला. त्यांचं निदान बरोबर होतं, हेच जास्त लागतं.

आणि कोंबड्या? स्वच्छ पाण्याकडं पाठ करून मोरीच्या डबक्यात चोच बुडवतात आणि माझ्याकडं बघत मान वर करतात. त्यांना पाणी ओढून घेता येत नाही, चोचीतलं घशात उतरवायला मान वर करावीच लागते, हे मला माहीत आहे. तरी ते माझ्याकडंच बघून का, ते कळत नाही.

चिडायला होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. टँकर आला की हंडे घेऊन धावणाऱ्या बायका याच गावात रोज दिसतात. त्यांच्यासाठी कुणी डब्यावर बसून चौकशी करत नाही, कुणाच्या गाडीमागं बसून "बघू तरी" म्हणत नाही. बादलीला भोक पाडणारा मात्र गावाची बातमी.

आज सकाळी सातलाच दारात हाक आली. आजोबा. हातात रंगाची बादली, झाकणासकट.

"तेवढं आमच्या बी बादलीला पाडून द्या. आन जरा मोठं पाडा, आमच्या कोंबड्या अंगानं थोराड हायत."