टाकीत डिझेल आहे ना?

मामा गेले तेव्हा वाटणीत थोरल्या मामेभावाला हापूसची कलमं आली, धाकट्याला चिपळूणचा गाळा आला आणि मला, भाचा असूनही, बोट आली. सगळे म्हणाले, मामांचा तुझ्यावर फार जीव. असेलही. पण कलमं आणि गाळा वर्षाकाठी काहीतरी हातात ठेवतात, बोट हातातलं काढून घेते.

चोवीस फुटी लाकडी बोट. मुक्काम दाभोळची खाडी. पोटात दोन सिलिंडरचं विलायती डिझेल इंजिन. त्याच्यावरच्या पितळी पट्टीवर 1966 साल कोरलेलं आहे, म्हणजे ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी वडील. त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करतो. त्यांना बॅटरी नाही, किल्ली नाही. एक दांडी खाली पाडून सिलिंडरची हवा मोकळी करायची, हँडल घालून गरागरा फिरवायचं, वेग आला की दांडी वर करायची. मग ते एकदा खोकतात, मला काळ्या धुराचा नैवेद्य दाखवतात आणि सुरू होतात. डुग-डुग-डुग-डुग. मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे, एका लयीत. मामा म्हणायचे, इंजिनावर चहाचा कप ठेवावा, थेंब सांडत नाही. मामा कप ठेवायचेही.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली आणि लय गेली. निघताना सगळं ठीक. खाडीत वीस-पंचवीस मिनिटं फिरून परत धक्क्याजवळ आलो, वेग उतरवला की सुरू: डुग-डुग... डुग... (इथे श्वास रोखायचा)... डुगडुगडुगडुग... डुग... भजनी मंडळात नवशिक्या मृदंगवाला बसल्यासारखं. बरोबर धक्क्याजवळच, कारण तिथे बघायला माणसं असतात. दोनदा तर पार बंदच पडले. तेव्हा ओहोटी होती आणि समोरच्या चिखलात एक मगर तोंड उघडं टाकून ऊन खात होती. दाभोळच्या खाडीत मगरी आहेत हे पर्यटकांना पैसे घेऊन सांगतात. मला फुकट दिसली.

पहिलं निदान तांडेलांचं. मामांच्या वेळेपासून बोटीची देखभाल तेच करतात. "पुनवेचा नारळ नासका निघाला, तेव्हाच मी बोललो होतो." दुसरा नारळ वाहिला. तो चांगला निघाला. इंजिन तसंच. दुसरं निदान मेहुण्यांचं, फोनवरून, पुण्याहून: बॅटरी वीक असेल. बॅटरी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तेच कारण."

मग मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे धक्क्यावरचे धन्वंतरी. डॉक्टर आधी जीभ बघतात, तसं मिस्त्री आधी टाकीचं झाकण उघडतात, आत वेळूची काठी बुडवतात, वर काढून वास घेतात. मग झाकण लावतात आणि इंजिनावर कान ठेवतात. इंजिन चालू केलं. डुग-डुग-डुग-डुग. कप ठेवावा असं. दातदुखी डॉक्टरांच्या दारात थांबते ना, तसं. मी ओशाळून म्हटलं, "आत्तापर्यंत करत होतं हो." मिस्त्री दयेनं म्हणाले, "काय नाय वो, हवा धरलान. काढून टाकू."

डिझेल इंजिनाला हवा लागते आणि हवा चालत नाही. सिलिंडरमध्ये ती हवीच, तिथे ती सोळा-अठरा पट दाबली की इतकी तापते की ठिणगीशिवाय डिझेल पेटतं. पण तीच हवा डिझेलच्या नळीत बुडबुडा होऊन शिरली की पंप डिझेल दाबण्याऐवजी तो बुडबुडा दाबत बसतो. इंजिन पळत असताना एखादा बुडबुडा खपून जातो. मंद चालताना मात्र नॉझलमधून जाणारं डिझेलच मुळात थेंबाचा अंश, त्यात बुडबुडा आला की त्या फेऱ्याला उपास. फेरे उतरले की गव्हर्नर दचकतो. गव्हर्नर म्हणजे फिरणारी दोन वजनं आणि एक स्प्रिंग. यांनाही एरवी फारसं काम नसतं असा माझा समज होता. ते घाबरून डिझेल वाढवतात, इंजिन उधळतं, मग ते घाबरून कमी करतात, इंजिन मरगळतं. मिस्त्री याला 'हंटिंग' म्हणतात. शिकार कोणाची ते मला बिल आल्यावर कळलं.

हवा काढणं मात्र बघण्यासारखं असतं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाची चिमुकली दांडी अंगठ्यानं दाबत बसायचं. आधी सोड्यासारखा फेस येतो, मग सुटे बुडबुडे, मग निखळ डिझेलची धार. धार लागली की दाबणं न थांबवता स्क्रू आवळायचा. मग तेच इंजेक्शन पंपावर. शेवटी नॉझलवर येणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून हँडल मारायचं. तिथे डोळा किंवा बोट जवळ नेऊ नये. त्या नळीत हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब असतो, फवारा सरळ कातडीत घुसतो. मिस्त्रींनी हे मला सांगितलं आणि टॉर्च धरायला तिथेच उभं केलं.

इंजिन ठणठणीत झालं. अर्ध्या तासानं, मिस्त्री घरी पोचले असतील-नसतील, पुन्हा डुग... डुगडुग.

असं चारदा झालं. दर खेपेला मिस्त्री यायचे, काठी बुडवायचे, वास घ्यायचे, काहीतरी बदलायचे, इंजिन शहाण्यासारखं चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी खाडीच्या मध्यावर गुण उधळायचं. फिल्टर बदलला. फीड पंपाचा पडदा बदलला. रबरी नळ्या बदलल्या. एकेका नॉझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर कामचुकार ते बघितलं. जो काम करत असतो, त्याचा नट सैल केला की इंजिन मान टाकतं, आधीच रुसलेल्याचं सैल करून काही फरक पडत नाही. आमचे दोघेही सारखेच कामसू निघाले. तरी नॉझल चिपळूणला तपासायला गेली. फवारा गुलाबदाणीसारखा पडतोय असा शेरा घेऊन आली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला ही म्हण मी आयुष्यभर वापरली, पण इंजेक्शनचे सुटे भाग इतके महाग असतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

तांब्याची वॉशर तेवढी घरी केली. ती एकदा दाबली गेली की कडक होते आणि पुन्हा सांधा धरत नाही. सांडशीत धरून गॅसवर लाल केली, पाण्यात टाकली की लोण्यासारखी नरम. पोलादाचं उलटं, ते तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं. माणसांत दोन्ही जाती आढळतात. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिची जात त्या दिवशी पोलादाची होती. चहाला आठवडाभर डिझेलचा वास येत होता.

या काळात माझं वाचन वाढलं. रुडॉल्फ डिझेल साहेबांनी आपलं इंजिन 1897 साली यशस्वी करून दाखवलं आणि 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री ते इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. बोट वाफेवर चालणारी होती, एवढाच काय तो दिलासा.

शेवटी एका रविवारी हिला घेऊन निघालो. टाकी काठोकाठ भरली होती. अर्धी टाकी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी साचतं, म्हणून मी हल्ली ती भरलेलीच ठेवतो. आणि नेमकी भरलेल्या टाकीवर दुखणी लवकर येत होती, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मला त्याचा अर्थ लागत नव्हता. पलीकडची फेरीबोट गाड्या घेऊन डौलात चालली होती आणि आमचं सुरू झालं. डुग... डुग... डुगडुगडुग.

हिनं विचारलं, "टाकीत डिझेल आहे ना?"

तीन आठवडे, चार वेळा मिस्त्री, हातावर दोन भाजल्याचे डाग, आणि हा प्रश्न! मी तिच्याशी न बोलता झाकणाला हात घातला, दाखवायलाच. झाकण फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला आणि फुस्स! टाकीनं सुस्कारा टाकला. टाकला कसला, आत ओढला. मिनिटभरात इंजिन डुग-डुग-डुग-डुग, कप ठेवावा असं.

आम्ही दोघं झाकणाकडे बघत राहिलो.

टाकीला श्वास घ्यायला एक नळी असते. डिझेल जितकं बाहेर जाईल तितकी हवा तिथून आत येते. ती बुजली की आत पोकळी तयार होते, पंपाला ओढताना धाप लागते आणि मग तो डिझेलऐवजी कुठल्याही सांध्यातून हवा शोषायला लागतो. असल्या सांध्यातून डिझेल गळत नाही, म्हणून कुठे ओलही दिसत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. आणि दर खेपेला मिस्त्रींची काठी टाकीत बुडायची, त्याच्याआधी झाकण उघडायचं! औषध काठीतच होतं, बिल नॉझलचं लागत होतं.

नळी काठाखाली, तोंड खाली वळवलेली. करंगळी घातली तर आत घट्ट माती. कुंभारीण माशी! पावसाळ्यात बोट झापाखाली कोरडी उभी होती, बाईंनी बिनभाड्याची जागा बघून घर बांधलं होतं. तारेनं कोरलं तेव्हा मातीच्या कोठीतून बेशुद्ध केलेल्या सहा हिरव्या अळ्या पडल्या, पिल्लाच्या शिदोरीच्या. मला त्या घटकेला मिस्त्रींपेक्षा ती जास्त कसबी वाटली.

पण कुंभारीण दरवर्षीच असते, मग यंदाच का? उत्तर हिलाच सुचलं आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं. जूनमध्ये झाकणाखालचं बुचाचं जुनं वॉशर भुगा झालेलं दिसलं, म्हणून मी मोठ्या हौसेनं ऑईलप्रूफ रबराचं नवं बसवलं होतं. इतकी वर्षं टाकी त्या फाटक्या वॉशरमधून श्वास घेत होती. मीच तिचं तोंड शिवलं होतं.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते अजिबात खजील झाले नाहीत. "मंग बरं झालं की! आता नॉझल बी फर्स्टक्लास, नळ्या बी नव्या. धा वर्सं बघायला नको."

नळीच्या तोंडाला आता बारीक स्टीलची जाळी बसवली आहे. चहाची गाळणी कापून, पण हे घरात कोणाला माहीत नाही. ही दोन दिवस शोधत होती. मी म्हटलं, कुंभारणीनं नेली असेल.