आजोबांची चुकलेली आगबोट

आमच्या आजोबांची 'रामदास' चुकली. म्हणजे ती १९४७ साली बुडालेली आगबोट. अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या कुठल्याही घरात जा, चहा येईस्तोवर कळतं की तिथल्याही आजोबांची ती चुकलेली आहे. फरक फक्त कारणात. आमच्याकडे कारणं तीन आहेत. बाबांच्या मते आजोबा छत्री विसरले म्हणून भाऊच्या धक्क्यावरून परत फिरले. काका सांगायचे, चपलेचा अंगठा तुटला. काकूच्या आवृत्तीत मांजर आडवं गेलं, आणि ते मांजर दरवर्षी थोडं अधिक काळं होत जातं.

यंदा गणपतीत चुलतभावाच्या मुलाने पानावरून मान वर करून विचारलं, "पण याला पुरावा काय?" पंगत थबकली. वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. मी म्हणालो, "अरे, सगळं ऑनलाइन असतं आता. दोन मिनिटांत काढतो."

गणपती गेले, नवरात्र गेलं. माझी दोन मिनिटं अजून चालू आहेत.

पहिल्या रात्री सर्चमध्ये 'रामदास' टाकलं. मनाचे श्लोक आले. सगळे, दोनशे पाचच्या दोनशे पाच. मग 'रामदास शिप' टाकलं, तर समर्थांच्या नावाचं एक कुरियर आलं. मग कुणीतरी सांगितलं, जगभरच्या बुडालेल्या बोटींचे वेगळे डेटाबेस असतात, तिकडे जा. तिकडे गेलो. दारातच विचारलं, "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्या चौकोनांत बोटी आहेत ते निवडा." तीन वेळा चुकलो. बोटीच्या पुढच्या नाकाचं टोक एका चौकोनात अर्धं इंच आलं होतं, ते बोटीत धरायचं की नाही? बायको मागून म्हणाली, "ज्याला फोटोतली सापडत नाही, तो बुडालेली काय शोधणार!"

आत गेल्यावर कळलं की बुडावं तर साहेबाच्या बोटीसारखं. 'सिटी ऑफ कैरो' ही बोट १९४२च्या ऑक्टोबरात मुंबईहून सुटली. पोटात सुमारे शंभर टन चांदीचे रुपये. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मनांच्या यू-६८ पाणबुडीने तिला बुडवलं. ती कुणी बांधली, किती खोलात आहे (५,१५० मीटर), बहुतेक चांदी केव्हा वर काढली (२०१३), सगळं हजर. पाणबुडीचा कप्तान मेर्टेन होडीतल्या लोकांना जाताना काय म्हणाला तेही नोंदलंय: "शुभ रात्री, तुम्हाला बुडवल्याबद्दल क्षमस्व." आमच्याकडे वीज घालवल्यावरसुद्धा कुणी इतकं बोलत नाही. पाच किलोमीटर पाण्याखालचा रुपया सापडतो, आणि ज्या बोटीचं नाव निघालं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून पदर डोळ्याला लावतात, तिच्यासाठी कर्सर नुसता गोल फिरतो.

नावाचा घोळ तर विचारूच नका. इंग्रजीत रामदासच्या शेवटी एक एस की दोन? राम आणि दास जोडून की तोडून? प्रत्येक जोडीला निकाल वेगळा. त्यातून लोक बोटीला आपलं नाव ठेवतात ते निराळंच. १८८८च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली आणि तिथे कधीच न पोहोचलेली 'विजळी' गुजरातभर प्रसिद्ध आहे. दिव्यांच्या झगमगाटामुळे लोकांनी तिला ते नाव दिलं. कागदावर ती 'वैतरणा'. विजळी शोधत बसाल तर जन्मभर अंधारात बसाल. यावर उपाय म्हणून ब्रिटिशांनी १८५४च्या कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत बोटीला एक क्रमांक दिला. नाव बदलो, मालक बदलो, क्रमांक तोच. थोडक्यात बोटीचं आधार कार्ड. फक्त तो क्रमांक मिळवायला आधी बोट सापडावी लागते, हेही आधारसारखंच.

मग मी नकाशाच्या नादी लागलो. इथे एक धडा स्वखर्चाने शिकलो. मांडव्यासमोरचा समुद्र साधारण १८ अंश ५० मिनिटं उत्तर, ७२ अंश ५० मिनिटं पूर्व. मी गुमान १८.५० आणि ७२.५० टाकलं. बोट तिथून वीस सागरी मैल दक्षिणेला, कोर्लईच्या किल्ल्याच्याही खाली आणि आत खोल दर्यात जाऊन पडली. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे, हे मला शाळेत हातावर छडी मारून शिकवलं होतं. तरी मी दोन दिवस त्या जागेचे प्रवाह आणि खोली वाचत होतो. एक छोटा सिद्धांतही मांडून झाला होता. तो मी व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवला, आणि काकूने त्याला हात जोडले.

शेवटी रामदास सापडली ती कुठे? ऑस्ट्रेलियात. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचायला ठेवली आहेत. यंत्राने वाचलेला मजकूर चुकला तर कुणीही दुरुस्त करू शकतो. रात्री दीड वाजता मी ठाण्यात बसून कॅनबेराच्या ग्रंथालयाला मुंबईचं स्पेलिंग शिकवत होतो.

आणि मग एकेक जुळत गेलं. बोट १९३६ सालची, ४०६ टनांची, १७९ फूट लांब. १७ जुलै १९४७, गुरुवार, सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारीसाठी गावी जाणाऱ्यांची गर्दी. बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, माणसं एका अंगाला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त गेले. मुंबईला पत्ता लागायला दुपार उलटली. मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या घरी ही गोष्ट कायम मांजरापाशी संपायची.

आजोबांचा प्रश्न मात्र तसाच. चढलेल्यांची यादी एक वेळ मिळेल; चुकलेल्यांची यादी कुठलीच आगबोट कंपनी ठेवत नाही. म्हणून मी आत्याला फोन लावला. आत्या तेव्हा सात वर्षांची होती.

"आत्या, बोट चारशे सहा टनांची होती, माहितेय?"

"मला कशाला? मी काय विकत घेणार होते?"

"आजोबा का चुकले ते सांग. छत्री, चप्पल की मांजर?"

बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "बाळ्या, स्पीकरवर नाहीस ना? अरे, गटारीचा दिवस होता. दादांनी ती आदल्या रात्रीच साजरी केली, गिरगावात, मित्राच्या खोलीवर. जाग आली तेव्हा दहा वाजले होते. आईने आम्हाला छत्री सांगितलं. छत्री होतीच कुठे त्यांच्याकडे!"

मग आपणहून सांगत गेली. रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. वाटेत माणसं तरंगताना दिसली, तेव्हा त्यांनी भरलेला माल दर्यात ओतला आणि होड्यांत माणसं भरली. "त्या वर्षी श्रावण अधिक होता. दोन श्रावण. आमच्या घरात तसंही कुणी मासळीचं नाव काढलं नसतं." मी पंचांग उघडून पाहिलं. १९४७ला खरंच अधिक श्रावण होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा एखादी नोंद एका फटक्यात जुळली.

उत्साहात मी त्या डेटाबेसचा दुरुस्तीचा फॉर्म भरला. गटारी वगळून, कोळ्यांचं सगळं लिहिलं. शेवटचा रकाना होता 'स्रोत'. मी लिहिलं, 'आत्या'. लाल अक्षरांत उत्तर आलं: कृपया वैध दुवा द्या.

आत्याला हे सांगायला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "ते राहू दे. तू एवढा शोधतोच आहेस, तर ती 'तुकाराम' बोट पण बघून ठेव. सत्तावीस सालची. ती नि 'जयंती' एकाच दिवशी बुडाल्या. माझ्या आजोबांची चुकली होती."

"कुठली, तुकाराम की जयंती?"

"दोन्ही."

मी सर्चमध्ये 'तुकाराम' टाकलं. साडेचार हजार अभंग आले.