व्हेरिकोज व्हेन्स: व्हिनेगरच्या पट्टीने झडप दुरुस्त होत नाही

म्हापशाच्या बाजारात माझे औषधाचे दुकान आहे. हल्ली शुक्रवारच्या गर्दीत कोणीतरी मोबाइल माझ्यासमोर धरते आणि विचारते, "हे खरे काय?" मेसेज दर वेळी तोच असतो. पायाच्या निळ्या फुगलेल्या नसा (व्हेरिकोज व्हेन्स) म्हणजे साचलेले घाण रक्त. ब्लॉकेज उघडायला लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा रोज प्या. रात्री माडाच्या व्हिनेगरची पट्टी घट्ट बांधा, सकाळी जोरात चोळा. उभ्याचे काम सोडा, बसून करा. 21 दिवसांत नसा नाहीशा. लेझर, ऑपरेशन मुळीच नको. नस काढली की पाय सुकतो आणि दुखणे परत येतेच. शेवटी, दहा जणांना पाठवा.

मी याकडे दुर्लक्ष केले असते. पण पेडण्याच्या बाजूने मिरची विकायला येणाऱ्या एक काकी एका शुक्रवारी दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, याला लावायला काहीतरी दे." लुगड्याचा काठ वर केला तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी, बोटाला लाकडासारखी कडक लागणारी, आणि मधोमध रुपयाएवढा ओला चट्टा. व्हिनेगरचा वास येत होता. "नऊ रात्री झाल्या, बारा राहिल्या," त्या म्हणाल्या. त्या दिवस मोजत होत्या.

म्हणून एकेक वाक्य घेते.

"साचलेले घाण रक्त." शिरेतले रक्त गडद असते, कारण त्यातला प्राणवायू शरीराने वापरलेला असतो. तेच रक्त पुढे हृदयातून फुप्फुसात जाते आणि पुन्हा लालभडक होते. रक्तदान करताना आपल्या दंडातून घेतात तेही शिरेतलेच रक्त. ते घाण असते तर कोणाला चढवले असते का? जळवा लावून हे रक्त काढा, असेही सांगतात. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो हे खरे, आणि प्लास्टिक सर्जरीत तिचा उपयोग आजही होतो. पण जळूने काढलेल्या रक्ताच्या जागी दुसरे रक्त येऊन साचते. साचण्याचे कारण तिथेच असते.

"नसांतले ब्लॉकेज." सगळा घोटाळा इथे आहे. मराठीत आपण 'नस' हा शब्द सगळ्यालाच वापरतो. कमरेत दबते ती नस, हृदयात बंद होते ती नस, पायात फुगते तीही नस. पण पहिली मज्जातंतू, दुसरी रोहिणी, म्हणजे हृदयातून रक्त नेणारी, आणि तिसरी शीर, म्हणजे ते हृदयाकडे परत आणणारी. तिघींची दुखणी वेगळी.

ज्यांनी खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस (पाणी अडवणारे दार) पाहिली आहे त्यांना पायातली शीर लगेच समजेल. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या जोराने मानशीचे दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि पाणी नदीत उतरते. भरती आली की नदीचेच पाणी दार दाबून बंद करते. तिथे माणूस उभा करावा लागत नाही. शिरेत ठिकठिकाणी दोन पातळ पडद्यांची अशीच झडप असते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि रक्त वर ढकलतो. स्नायू सैल पडला की वरचे रक्त खाली यायला बघते, आणि त्याच्याच वजनाने झडप मिटते. शिरेची भिंत सैल पडली, पडदे एकमेकांना टेकेनासे झाले, की रक्त उलटे खाली येते. त्या ओझ्याने खालची शीर ताणते, मग तिची झडप निकामी होते, मग तिच्या खालची.

मानशीचे दार कुजले तर आपण नदीला दोष देत नाही. आणि खारे पाणी एकाच भरतीत शेत संपवत नाही. ते रोज थोडे थोडे झिरपते, एक दिवस भात उगवत नाही. घोट्याजवळची कातडी तशीच हळूहळू बिघडते: आधी संध्याकाळची सूज, मग खाज, मग तपकिरी डाग, मग कडकपणा, शेवटी न भरणारी जखम. काकी त्या शेवटच्या पायरीवर पोचल्या होत्या.

लसूण-लिंबाचा काढा पोटात जातो. पडदे पुन्हा जुळवणारे त्यात काहीही नाही. मी स्वतः विकते त्या डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनीही ते होत नाही. त्यांनी काही जणांचा जडपणा आणि सूज कमी होते, तेवढेच. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगते.

"पट्टी बांधा, जोरात चोळा." मेसेजमधला सर्वांत घातक भाग हा. माडाचे व्हिनेगर बांगड्याच्या रेशाद मसाल्याला हवेच, पण ते आम्ल आहे. रात्रभर घट्ट बांधले तर चांगली कातडीही भाजते, आणि या रुग्णांची घोट्याजवळची कातडी आधीच कमजोर झालेली असते. फुगलेल्या शिरेवर ती कागदासारखी पातळ असेल तर चोळताना शीर फुटून भळाभळा रक्त वाहू शकते. तसे झालेच तर घाबरून उभे राहू नका. आडवे व्हा, पाय छातीपेक्षा वर धरा, स्वच्छ फडक्याने त्या जागी न सोडता दहा मिनिटे दाबा आणि घरच्यांना 108 फिरवायला सांगा. दुसरा धोका गुठळीचा. शीर दोरीसारखी टणक, लाल, दुखरी झाली असेल तर आत रक्त गोठलेले असू शकते. ती चोळायचीच नाही. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभर थांबू नका.

"उभ्याचे काम सोडा, बसून करा." काकी सकाळी सातपासून उन्हे उतरेपर्यंत पाटावर बसून मिरची विकतात. मी दिवसभर काउंटरमागे उभी असते. शिरा दोघींच्या फुगल्या आहेत. माझ्या आईच्याही होत्या, आणि घरातून येणारा हा वारसा मोठे कारण आहे. वय, वजन, पूर्वी खोल शिरेत झालेली गुठळी ही आणखी कारणे. बाळंतपण तर आहेच: गरोदरपणात रक्त वाढते, संप्रेरकांनी शिरांच्या भिंती सैल पडतात, गर्भाशयाचा भार पडतो. त्या काळात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा ओसरतात, म्हणून तेव्हा उपचाराची घाई करत नाहीत.

स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण 90 मिलिमीटर पारा असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो 30 च्या खाली येतो. म्हणून उपाय खुर्ची नव्हे, चालणे. गिऱ्हाईक नसले की मी टाचा उचलते, खाली टेकते, वीसदा. याने झडप बरी होत नाही, पण संध्याकाळी चप्पल घट्ट होत नाही.

"नस काढली की पाय सुकतो." हृदयाच्या बायपासला वापरतात ती शीर बहुतेकदा पायातलीच, घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी. 1967 पासून हे चालले आहे. ते लोक चालतात, जिने चढतात. पायातले साधारण 90 टक्के रक्त खोल शिरांमधून वर जाते. फुगलेल्या शिरा वरच्या, कातडीखालच्या. उलटे वाहणारी एक वाट बंद केली तर रक्त चांगल्या वाटेने जाते. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे आधी पाहावेच लागते. त्यासाठी रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी, आणि उलटा प्रवाह तपासताना ती उभे करून. डॉप्लर न करता कोणी थेट लेझरची तारीख देत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.

उपचार एकच नाही. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीत शिरेत बारीक तार घालून ती आतून तापवून बंद करतात. जागेवर बधिर करून होते, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात. फोम इंजेक्शनने शिरेची आतली भिंत चिकटवतात. वैद्यकीय गोंदही आला आहे. शीर ओढून काढण्याचे जुने ऑपरेशन अजून काहींना लागते. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक सूत्रे ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2013 मध्ये क्रम लावून दिला: आधी उष्णतेने बंद करणे, ते जमत नसेल तर फोम, तेही नाही तर शस्त्रक्रिया. धोके आहेतच. काळेनिळे होणे, काही काळ बधिरपणा, क्वचित गुठळी. ते डॉक्टरला स्पष्ट विचारावे. नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या रेषा असतील आणि काही दुखत नसेल, तर काहीही केले नाही तरी चालते.

"परत येतेच" यात थोडे तथ्य आहे. प्रवृत्ती अंगात राहते, दुसरी शीर पुढे फुगू शकते. पण म्हणून थांबायचे? 2018 मध्ये ब्रिटनमधला 450 रुग्णांचा अभ्यास छापून आला. सगळ्यांना घोट्याजवळ जखमा होत्या, सगळ्यांना दाबाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. शीर लगेच बंद केलेल्या गटात निम्म्या जखमा 56 दिवसांत भरल्या. थांबवून ठेवलेल्या गटात त्यालाच 82 दिवस लागले.

दाबाच्या मोज्यांबद्दल मेसेज गप्प आहे, म्हणून मीच सांगते. गोव्याच्या दमट हवेत ते नकोसे होतात हे मला कळते, पण सूज आणि जडपणा त्यांनी खरोखर उतरतो. माप सकाळी, सूज येण्याआधी द्यायचे: घोट्यावरचा सर्वांत बारीक भाग आणि पोटरीचा सर्वांत जाड. वरचा काठ दुमडायचा नाही, दोरीसारखा आवळतो. मधुमेह असेल, चालताना पोटरीत पेटके येत असतील, पावले थंड पडत असतील, तर पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय मी मोजे देत नाही. रोहिणी अरुंद असताना दाब दिला तर पाऊल धोक्यात येते.

काकींना मी त्या दिवशी मलम दिले नाही. चट्टा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुतला, कोरडे ड्रेसिंग ठेवले आणि त्यांच्या मुलाला फोन लावून जिल्हा इस्पितळात न्यायला सांगितले. पुढे डॉप्लर झाले, दाबाच्या पट्ट्या झाल्या, शीर बंद केली. गणेश चवथीच्या आधी जखम मिटली. तपकिरी डाग तसाच आहे, तो बहुधा राहणार.

आजही कोणी व्हिनेगरची पट्टी बांधून झोपत असेल तर ती सोडा, पाय साध्या पाण्याने धुवा, वर काहीही लावू नका. कातडी ओली, काळपट किंवा कडक दिसत असेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर सोबत न्या आणि त्यावर काय बसते ते तिथेच विचारा. आणि किती रात्री पट्टी बांधली, तेही डॉक्टरला न लाजता सांगा.